हशा बंद करून

‘मॅश’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या डीव्हीडी संचात आवाजाच्या यादीत एक गमतीचा पर्याय आहे : हशा बंद. तो निवडला की संवाद, पावलं, ग्लासांची किणकिण सगळं जसंच्या तसं राहतं; विनोदानंतर न दिसणाऱ्या प्रेक्षकांचं जे हसू उसळतं तेवढं फक्त नाहीसं होतं. या पावसाळ्यात मी पहिल्या सीझनमधला एक भाग लागोपाठ दोनदा पाहिला. आधी हशासकट, मग हशाविना. हशा असताना हॉकआय पिअर्स हा तंबूत भट्टी लावून जिन गाळणारा, नर्सेसच्या मागे लागणारा, वरिष्ठांची टर उडवणारा चावट डॉक्टर होता. हशा काढला, आणि तोच माणूस तेच शब्द बोलत असताना मला तो झोप न झालेला, आतून टरकलेला आणि म्हणूनच अखंड बडबडणारा वाटायला लागला.

मालिकेच्या कर्त्यांना हा हशा मुळात नकोच होता. लेखक लॅरी गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स यांनी त्यावरून सीबीएस वाहिनीशी पुष्कळ हुज्जत घातली. पण अमेरिकेत तेव्हा विनोदी मालिका म्हटली की हशा हवाच, असा खाक्या होता. अखेर तडजोड निघाली : ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांना हशा लावायचा नाही. बाहेर तंबूत हसा, आत माणूस कापत असताना नाही. पुढे वर्षागणिक हा हशा दबका होत गेला आणि काही भागांतून तर पार गेला. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ही मालिका दाखवली ती हशाविनाच. त्यामुळे एकच मालिका अटलांटिकच्या दोन काठांवर दोन वेगळ्या मालिका म्हणून लोकांच्या लक्षात राहिली.

लांबलेली मालिका बिघडते कशी आणि संपते कशी, हा प्रश्न मराठी घराला काही नवीन नाही. ‘पाणी घालणं’ हा शब्दप्रयोग आपण आमटीपेक्षा मालिकांबद्दलच जास्त वापरतो. आपल्याकडे मालिका बहुधा संपत नाही, ती बंद होते. टीआरपी घसरला की वरून निरोप येतो. मग आठवडाभरात रखडलेली लग्नं लागतात, खलनायिकेला उपरती होते, आणि शेवटच्या दिवशी सगळं खानदान एका फोटोत उभं राहतं. ‘मॅश’कडे मी वळलो त्याचं कारण असं की ती निदान दोनदा आमूलाग्र बदलली, त्या बदलानं ती सुधारली की बिघडली यावर तिचे भक्त आजही भांडतात, आणि ती संपली ती स्वतःच्या मर्जीनं, ऐन भरात असताना.

माझी तिची ओळख नव्वदच्या दशकातली, केबलवरची. क्रम वगैरे काही नव्हता. एका रात्री रुग्णालयाचा प्रमुख म्हणजे मासेमारीची टोपी घातलेला वेंधळा हेन्री ब्लेक, तर पुढच्या खेपेला त्याच खुर्चीत खमका म्हातारा कर्नल पॉटर. एका भागात फ्रँक बर्न्स नावाचा लबाड डॉक्टर, दुसऱ्यात त्याच्या खाटेवर बॉस्टनचा खानदानी गर्विष्ठ विंचेस्टर. मला बराच काळ वाटत होतं, की या दोन वेगळ्या मालिका असाव्यात आणि केबलवाला त्या मिसळून दाखवतोय. आता सगळी मालिका क्रमानं पाहिल्यावर वाटतं, तेव्हाचा माझा गैरसमज फारसा चुकीचा नव्हता.

मॅश म्हणजे आघाडीलगतचं फिरतं लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालय. रिचर्ड हॉर्नबर्गर हे कोरियाच्या युद्धात अशा एका तळावर डॉक्टर होते. त्यांनी रिचर्ड हूकर या टोपणनावानं १९६८ मध्ये कादंबरी लिहिली. १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमननं तिच्यावर चित्रपट केला. आणि १७ सप्टेंबर १९७२ रोजी मालिका सुरू झाली. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालू होतं. पडद्यावर कोरिया लिहिलेलं असलं तरी लोक व्हिएतनाम वाचत होते. पहिल्या वर्षी लोकप्रियतेच्या यादीत ती पार शेहेचाळिसावी होती, बंद पडण्याच्या बेतात. दुसऱ्या वर्षी वाहिनीनं तिला शनिवारी रात्री ‘ऑल इन द फॅमिली’ या तुफान चालणाऱ्या मालिकेच्या पाठीला बांधलं आणि ती थेट चौथ्या क्रमांकावर गेली. दर्जाबद्दल आपण कितीही लिहिलं तरी वेळापत्रकाचा हा वाटा विसरून चालत नाही.

(जाता जाता : त्या खऱ्या युद्धात आपलंही एक वैद्यकीय पथक होतं. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. मार्च १९५१ मध्ये या पथकातले लोक अमेरिकन तुकडीबरोबर मुनसान-नी इथे पॅराशूटनं उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. त्यांच्यावर आपण विनोदी सोडा, गंभीर मालिकाही केलेली नाही.)

*

पहिली तीन वर्षं ही मालिका म्हणजे शुद्ध उनाडकी होती, पण उनाडकीच्या खाली एक दगड ठेवलेला होता. पहिल्याच सीझनमध्ये हॉकआयचा जुना मित्र त्याच्या टेबलावर मरतो. तेव्हा हेन्री ब्लेक त्याला सांगतो, की युद्धात कोवळी पोरं मरतात हा पहिला नियम, आणि डॉक्टरला तो नियम बदलता येत नाही हा दुसरा. हे सांगणारा माणूस एरवी स्वतःच्या सहीचे कागद न वाचता सही करणारा गबाळा. म्हणून तर ते लागतं.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी हेन्री ब्लेकचं काम करणारा मॅक्लिन स्टीव्हन्सन मालिका सोडणार हे ठरलं होतं. नट सोडून गेला की पात्राचं काय करायचं, हा रोजच्या मालिकांतला नेहमीचा पेच; आपल्याकडे ते पात्र परदेशी जातं, कोमात जातं, नाहीतर प्लास्टिक सर्जरी करून येतं. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्सनी वेगळं ठरवलं. १८ मार्च १९७५ रोजी दाखवलेल्या त्या भागात हेन्रीची बदली घरी होते. निरोप, मिठ्या, नवा सूट, हेलिकॉप्टर. प्रेक्षकानं डोळे पुसून उठायची तयारी केली आहे, आणि मग शेवटचा प्रसंग. त्याचं पान चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत बहुतेक नटांना दिलेलंच नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये रडार हा कारकून पोरगा तोंडाला मास्क न लावता येतो आणि तार वाचतो : हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. कॅमेरा टेबलांवरून फिरतो. हात थांबत नाहीत, कारण समोर उघडी पोटं आहेत. पहिला टेक तांत्रिक कारणानं वाया गेला आणि दुसरा घ्यावा लागला. त्या दुसऱ्या वेळी शांततेत कुणाच्या तरी हातून एक हत्यार खाली पडलं. ते ठरवलेलं नव्हतं. तो आवाज तसाच ठेवला. हशा बंदचं बटण न दाबताही तिथे हशा नाही.

संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत असं करतात का? त्याच उन्हाळ्यात हॉकआयचा मित्र ट्रॅपर जॉन झालेला वेन रॉजर्सही मालिका सोडून गेला. आपली भूमिका हॉकआयच्या सावलीत चालली आहे ही त्याची तक्रार होती, आणि त्यानं करारावर कधी सहीच केलेली नसल्यामुळे वाहिनीला काही करता आलं नाही. त्याला निरोपाचा भागही मिळाला नाही. हॉकआय विमानतळावर धावत पोचतो तेव्हा मित्र नुकताच उडालेला असतो. कराराच्या भांडणातून निघालेली ही पळवाट, पण युद्धात माणसं अशीच न भेटता जात असणार, म्हणून ती पटते.

चौथा सीझन हा गेलबार्टचा शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. नवे दोघे आले : हॅरी मॉर्गनचा कर्नल पॉटर, आणि माइक फॅरेलचा बी. जे. हनिकट, बायकोवर प्रेम करणारा, डोळ्यात पाणी येणारा डॉक्टर. जुना खट्याळपणा अजून जिवंत होता आणि नवी माणसं त्याला वजन देत होती. त्या सीझनचा शेवटचा भाग कृष्णधवल आहे. एक वार्ताहर तळावरच्या लोकांच्या मुलाखती घेतो आणि नट पात्र अंगात घेऊन बरीचशी उत्तरं स्वतःच देतात. एखाद्या लेखकानं निरोप घ्यावा तर असा : पात्रांच्या तोंडी शब्द घालणंच थांबवायचं आणि ती बोलतात का बघायचं.

*

पुढे काय बिघडलं यावर ठरलेलं उत्तर आहे : मालिका गंभीर झाली, उपदेश करायला लागली, हॉकआयचं काम करणारा अ‍ॅलन आल्डा लिहू लागला, दिग्दर्शन करू लागला आणि त्यानं ती ताब्यात घेतली. मला हे अर्धंच खरं वाटतं. आल्डानं तीसहून अधिक भाग दिग्दर्शित केले. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींसाठी एकाच मालिकेत एमी मिळवणारा तो पहिला. लेखनाचं पारितोषिक घ्यायला जाताना या गृहस्थानं मंचाच्या वाटेवर कोलांटी मारली होती. अशा माणसाला विनोदाचा शत्रू म्हणणं जड जातं. शिवाय गांभीर्यानं काही फार उत्तम भागही दिले. सातव्या सीझनमध्ये एक भाग घशाला जखम झालेल्या, बोलू न शकणाऱ्या सैनिकाच्या डोळ्यांतून चित्रित केलेला आहे; आपण त्याच्या खाटेवर पडून सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे खालून बघतो. आठव्यात एक भाग पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावून खऱ्या वेळेत चालतो, रुग्णाला लुळं होण्यापासून वाचवायला हातात वीसेक मिनिटंच असतात.

बिघडलं ते वेगळंच. एकेक करून सगळी माणसं चांगली झाली.

फ्रँक बर्न्सचं उदाहरण घ्या. लॅरी लिनव्हिलनं रंगवलेला हा डॉक्टर भित्रा, लोभी, कामात कच्चा आणि देशभक्तीची भाषणं देणारा. प्रत्येक ऑफिसात असा एक असतो. पाच वर्षांचा करार संपल्यावर लिनव्हिल निघून गेला. या पात्रातून काढता येईल तेवढं काढून झालं, असं त्याचं म्हणणं होतं. तो बरोबरच होता, कारण बाकीची पात्रं वाढत असताना फ्रँकला त्यांनी मूर्खच ठेवलं होतं. त्याच्या जागी डेव्हिड ऑग्डन स्टायर्सचा चार्ल्स विंचेस्टर आला : हुशार, हाताचा तयार, मोझार्ट ऐकणारा. हॉकआयला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला. त्या दोघांची जुगलबंदी बघण्यासारखी आहे. पण विंचेस्टरची खोड मोडता येते, त्याच्याकडे बघून हसता येत नाही.

तेच मुख्य नर्स मार्गारेट हूलिहानचं. सुरुवातीला तिला नावच धड नव्हतं, एक अचकट टोपणनाव आणि फ्रँकबरोबरचं चोरटं प्रकरण एवढाच तिचा संसार. पाचव्या सीझनमध्ये एक प्रसंग आहे. हाताखालच्या नर्सेस तिला कजाग म्हणतात, तेव्हा ती भडकून त्यांना विचारते, की तुमच्यापैकी एकीनं तरी मला कधी ‘या, कॉफी घ्या’ म्हटलंय का? मार्गारेट झालेली लॉरेटा स्विट ते कपाच्या मापाचं दुःख अशी बोलते की टोपणनाव तिथेच गळून पडतं. हा बदल मी कुठल्याही किमतीला परत देणार नाही. पण किंमत होती. १९७९ मध्ये गॅरी बर्गहॉफचा रडार घरी गेला, हॉकआयच्या खाटेवर आपलं टेडी बेअर ठेवून. त्याची कारकुनी क्लिंगरकडे आली. हा क्लिंगर सैन्यातून वेडा म्हणून सुटका व्हावी यासाठी वर्षानुवर्षं बायकी झगे घालून पहारा करत होता; कारकून झाल्यावर त्यानं झगे सोडले आणि कामाचा माणूस झाला.

आता हिशेब मांडा. वेंधळा प्रमुख गेला, शहाणा आला. मूर्ख डॉक्टर गेला, हुशार आला. कजाग नर्स समजूतदार झाली, झगेवाला जबाबदार झाला, बाईबाज हॉकआयही बायकांशी नीट बोलायला शिकला. नवव्या-दहाव्या सीझनपर्यंत त्या तळावर एकही माणूस असा उरला नाही ज्याला शेवटच्या पाच मिनिटांत स्वतःची चूक कळणार नाही. चि. वि. जोशींच्या चिमणरावाला दर गोष्टीच्या शेवटी अक्कल आली असती तर पुढची गोष्ट लिहायला काय उरलं असतं? विनोदाला निदान एक न सुधारणारा माणूस लागतो, आणि ‘मॅश’नं आपल्या सगळ्या माणसांवर इतकं प्रेम केलं की तसा एकही शिल्लक ठेवला नाही.

त्यात कॅलेंडरचाही बोजवारा. खरं युद्ध जून १९५० ते जुलै १९५३, जेमतेम तीन वर्षं. मालिका अकरा वर्षं चालली, २५६ भाग. पॉटर तळावर येतो ती तारीख पडद्यावरच सांगितलेली आहे, १९ सप्टेंबर १९५२. आणि नवव्या सीझनमध्ये एक भाग सबंध १९५१ साल दाखवतो, ज्यात पॉटर मजेत हिंडतोय. हॉकआयची आई सुरुवातीला हयात आहे, त्याला बहीणही आहे. नंतर आई लहानपणीच वारलेली आणि बहिणीचा पत्ता नाही. कोणी तक्रार केली नाही. आठवड्याला एक आणि वर्षाला वीस-पंचवीस भाग लिहिणाऱ्यांना हे माफ असावं. आपल्याकडे आठवड्याला पाच-सहा लिहितात. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ पासून चार हजारांच्या पलीकडे गेली आहे. तिथे कुणाला कुणाची बहीण आठवत असेल तर तोच चमत्कार.

*

शेवटाबद्दल मात्र ‘मॅश’ला एक सोय होती जी दुसऱ्या विनोदी मालिकांना नसते. ‘साइनफेल्ड’चा सहकर्ता लॅरी डेव्हिड सातव्या सीझननंतर गेला, मालिका आणखी दोन वर्षं चालली, आणि १९९८ च्या शेवटच्या भागासाठी त्याला परत बोलवावं लागलं, कारण चार स्वार्थी मित्र गप्पा मारतात, याला नैसर्गिक शेवट कुठून आणायचा? ‘मॅश’चा शेवट इतिहासानंच लिहून ठेवला होता : २७ जुलै १९५३, युद्धबंदी. प्रश्न एवढाच होता की तिथे जायचं कधी. वाहिनीला अर्थातच कधीच जायचं नव्हतं. नटांनी आपापसात मत घेतलं. बहुमत थांबण्याच्या बाजूनं पडलं, आणि एक छोटा अकरावा सीझन करून आवरायचं ठरलं.

ऑक्टोबर १९८२ मध्ये मालिबूजवळच्या डोंगरात वणवा लागला आणि तिथला मोकळ्यावरचा सेट जळाला. तंबू, फलक, सगळं. त्यांनी तो वणवाच कथेत घेतला. शेवटच्या भागात आग तळापर्यंत येते आणि रुग्णालय हलवावं लागतं. ते जळकं रान खरं आहे.

‘गुडबाय, फेअरवेल अँड अमेन’ हा शेवटचा भाग अडीच तासांचा, दिग्दर्शक आल्डा. २८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री तो अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. तीस सेकंदांच्या जाहिरातीचा दर होता साडेचार लाख डॉलर. मालिकेच्या एका भागाला इतका प्रेक्षक अमेरिकेत नंतर कधी मिळाला नाही.

तो सुरू होतो तेव्हा हॉकआय मनोरुग्णालयात आहे. त्याला एक बसप्रवास आठवतोय. समुद्रावरून परतताना वाटेत जखमी आणि गावकरी बसमध्ये घेतले. शत्रूची गस्त जवळ आहे, दिवे बंद, श्वास रोखलेले, आणि मागच्या बाकावर एका बाईची कोंबडी ओरडतेय. तो दबक्या आवाजात खेकसतो, गप्प करा तिला. ती करते. डॉक्टर सिडनी फ्रीडमन त्याला पुन्हा पुन्हा त्याच बसमध्ये नेतो, आणि अखेर हॉकआयला दिसतं की ती कोंबडी नव्हती. तिचं तान्हं मूल होतं. अकरा वर्षं ज्या माणसाची बडबड हेच मालिकेचं इंजिन होतं, त्याच्या एका वाक्यानं हे झालं. विंचेस्टर काही चिनी कैद्यांना मोझार्ट शिकवतो. ते वाटेतच मारले जातात, आणि तो आपली रेकॉर्ड फोडून टाकतो. संगीत त्याला यापुढे आधार देणार नाही. क्लिंगर, घरी जायला जिवाचं रान केलेला क्लिंगर, कोरियन मुलीशी लग्न करून तिथेच राहतो. या अडीच तासांत कुणीही सुधारत नाही. सगळे मोडतात. म्हणून मधली तीन-चार शहाणी वर्षं मी त्यांना माफ करतो.

मतदानात ज्यांना मालिका चालू ठेवायची होती त्या तिघांना, म्हणजे पॉटर, क्लिंगर आणि फादर मल्केही झालेल्या नटांना, घेऊन त्याच वर्षी ‘आफ्टरमॅश’ निघाली. तिघे अमेरिकेतल्या रुग्णालयात नोकरी करतात, अशी कथा. १९८५ पर्यंत तीस भागांत ती गुंडाळावी लागली. हिला शेवट नव्हता. ती आपल्याकडच्यासारखी बंद पडली.

शेवटच्या दृश्यात हॉकआयचं हेलिकॉप्टर वर जातं आणि खाली बी. जे.नं दगडांनी लिहिलेला ‘गुडबाय’ हा शब्द दिसतो. अमेरिकनांसाठी कोरिया तिथे संपतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९५३ मध्ये, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांचा ताबा घ्यायला भारताची फौज तिथे पोचली. प्रमुख होते कोल्हापूरजवळच्या वडगावचे शंकरराव थोरात, तेव्हा मेजर जनरल. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते. त्यामुळे इंचॉनच्या समुद्रात उभ्या जहाजांवरून त्यांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट लष्करमुक्त पट्ट्यात उतरवण्यात आलं. तिथल्या त्यांच्या तळाचं नाव होतं हिंद नगर.